तात्यांना मी मारलं

हसू नका, पण माझ्या हातून एक माणूस मेलाय. चांगला धडधाकट, तासगावजवळच्या खेड्यातला, दोन म्हशींचा धनी. चहा ओता, सांगतो.

एमबीएची उन्हाळी इंटर्नशिप सगळ्यांना पुण्यात एसीत मिळाली. मला मिळाली सांगलीत, एका ख्रिस्ती संस्थेत. बायकांच्या बचत गटांना छोटी कर्जं देणारी संस्था. पगार शून्य, सकाळी प्रार्थना आणि शेवटी सर्टिफिकेट! आमचे सॅम्युअल सर इतके सज्जन, की मुंगी दिसली तरी वळसा घालून जायचे. ते म्हणाले, परदेशातल्या देणगीदारांना पाठवायला एक यशोगाथा आणा. कर्जाच्या आधीचा एक फोटो, नंतरचा एक.

शालनकाकूंनी कर्जावर शेवयांचं मशीन घेतलं होतं. 'नंतर'चा फोटो झकास आला. नवी साडी, स्वतःचं गंठण, जावेचा हार, शेजारणीच्या पाटल्या. अडचण एवढीच, की 'आधी'चा फोटो कुणी काढलाच नव्हता.

"काकू, जरा गरीब व्हा," मी म्हणालो.

"आवं, व्हते की. पर आता कशी हू?"

मग काय, माझ्या अंगात दिग्दर्शक शिरला. दागिने उतरवले. मंगळसूत्र काढणार नाही म्हणाल्या, तर ते पदराखाली लोटलं. बांगड्या दिसू नयेत म्हणून हात पदरात घ्यायला लावले. टिकली चमकत होती, तीही काढायला लावली. गोठ्याच्या भिंतीला उभं केलं आणि सांगितलं, हसू नका.

बघा, मी साताऱ्यात वाढलेला. अशा फोटोचा अर्थ काय होतो, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही कळतं. मला कळलं नाही. मी उजेड बघत होतो.

फोटो बघून सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला एका शब्दानं न विचारता त्यांनी तो व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रार्थना गटावर टाकला. खाली लिहिलं, 'शालनताईंसाठी प्रार्थना करा. पतीच्या निधनानंतरही ही भगिनी खचली नाही.' त्या गटात सांगलीपासून कराडपर्यंतच्या बचत गटांच्या बायका होत्या. मी एसटीत उभा होतो. सरांचा मेसेज म्हणजे प्रार्थनाच असणार, म्हणून न वाचता हात जोडून टाकले. फोटो काढणाऱ्यानंच हात जोडले म्हटल्यावर कोण शंका घेणार?

आणि त्याच रविवारी काकूंच्या सुरेखाची सुपारी फुटायची होती. मुलाकडचे कराडचे. मुलाची आत्या त्याच गटात. काकूंकडे साधा फोन, त्यांना कशाचाच पत्ता नव्हता.

रविवारी मी जेवणावर डोळा ठेवून वेळेत पोचलो. दारात जीप थांबली. पाहुणे उतरले ते माना खाली घालून. आत्याबाईंनी तर अंगणातच गळा काढला. आतून काकूंचे यजमान, म्हणजे तात्या, अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून बाहेर आले.

"कोण गेलं वं?" तात्यांनी विचारलं.

मुलाच्या वडिलांनी टोपी सारखी केली. "तुमी."

आत्याबाईंनी मोबाईल पुढे केला. तात्यांनी फोटो बघितला, मग काकूंकडे बघितलं. "मी जिता असताना ह्यो अवतार?" काकूंना रडूच फुटलं. मुलाचे वडील खाटेवरून उठले. "जित्या नवऱ्याला मारून परदेशातनं पैसा काढत्यात. असल्या घरात आमची सोयरीक न्हाई."

आत सुरेखा हुंदके द्यायला लागली. तेव्हा मात्र लाज वाटली हो, खरंच. पुढे झालो आणि सगळं ओकून टाकलं. 'नंतर'चा फोटोही दाखवला.

पाहुण्यांनी दोन्ही फोटो निरखले. "ह्या दोन्हीच्या मधी किती वर्सं गेली म्हनायची?"

"चहा उकळेपर्यंत," मी म्हणालो.

पाहुणे परत खाटेवर बसले आणि पोट धरून हसले. "लय भारी संस्था हाय रं तुझी. चहा उकळस्तवर गरिबी घालिवती." मग एकदम गंभीर झाले. "हे बघ, आमच्या निम्म्या भावकीच्या बायका त्या गटात हायत. जिथं मारलंस, तिथंच जिता कर. आत्ताच्या आत्ता. मग सुपारी फोडू."

मी लिहिलं, 'कळविण्यास आनंद होतो की शालनताईंचे पती जिवंत आहेत.' चूक माझी होती, तेवढं लिहायचं घाईत राहून गेलं.

धडाधड उत्तरं आली. 'प्रार्थनेला फळ आलं.' 'देवाची कृपा.' एका बाईंनी विचारलं, 'किती दिवसांनी उठले?' सरांचा फोन आला, तो मी उचललाच नाही.

सुपारी फुटली. पंगतीत आत्याबाई माझ्यापाशी येऊन बसल्या. "पोरा, नोकरी लागली का?"

"अजून नाही."

"मग गटावर टाकते की. मेलेला मानूस उठतोय, तुझी नोकरी काय लय अवघड हाय?" म्हणाल्या आणि टाकलंसुद्धा, माझ्या फोटोसकट. तमाम बायकांनी हात जोडले.

त्याला दोन वर्षं झाली. तात्या ठणठणीत आहेत. माझ्यासाठीची प्रार्थना अजून चालू आहे.