आबांच्या तांबडीमागं

लोहगडवाडीत मला गुराखी म्हनत्यात. चाळीस वर्सं म्हनत्यात, मीबी कुनाला खोटं पाडलं न्हाई. खरं सांगायचं तर मी कदी गुरं राखलीच न्हाईत. शेजारच्या आबांची तांबडी गाय म्होरं चालायची, तिच्याआदी तिची आय चालायची, मागं आमच्या दोघांची गुरं, आन् समद्यात मागं मी. दिसभर विसापूरच्या माथ्यावर आबांशी गप्पा हानायच्या. दिस कलला की तांबडी आपली उटायची आन् आमाला घरी आनायची.

यंदा आबांचं गुडघं गेलं. त्यांनी गुरं इकली, तांबडीबी, आन् खिंडीत मक्याची कनसं भाजाया बसले.

मी एकलाच वर गेलो. दुपारपातूर माज्याशीच बोललो. मी एवडा रटाळ बोलतो, हे त्या दिशी कळलं. आबांनी कसं सोसलं कुनास ठावं.

मग धुकं आलं. हात लांब केला तर बोटं दिसंनात. म्हनलं, भ्यायचं काय, गाय न्हेईल. माजी पांढरी गाय म्होरं घातली. ती हलंना. ती माज्याकडं बगतीया, मी तिच्याकडं. कडा कुटल्या अंगाला, ठावं न्हाई. एक पाय चुकला असता तर समदी खाली गेलो असतो. चार गुरांना चिकटून बसलो. "आबा, ओ आबा," अशा हाकाबी मारल्या, सवयीनं.

लय येळानं रेनकोट घातलेलं पुन्याचं जोडपं आलं.

बाई म्हनली, "काका, तुम्ही इथलेच ना?"

"व्हय."

"मग वाट चुकलात?"

"मी न्हाई, गाय चुकली."

ती हसली. तिनं फोन काढला, आन् त्या फोनामागं आमी पाची जनावरं खाली उतरलो.

खिंडीत आबा म्हनले, "कुनी आनलं रं?"

"आनायला कुनी कशाला पायजे?"

"तांबडी न्हवती, म्हनून इचारलं."

म्हंजे त्यांना पयल्यापासनं ठावं व्हतं.

"उद्या येता का वर? हळूहळू जाऊ."

त्यांनी कनीस फिरवलं. "गिऱ्हाईक असतंय रं."

टपरीवर कुत्रंबी न्हवतं.

आता मी गुरं अर्ध्या चढावरच चारतो. तितनं खिंडीतल्या आबांच्या टपरीची निळी ताडपत्री दिसती. तितलं गवत कवाच संपलंय. माथ्यावर गुडघाभर उभं हाय. बायकू इचारती, गुरं वाळली कशानं? मी म्हनतो, वर धुकं असतंय.

काल कडक ऊन व्हतं. तरीबी तेच सांगितलं.