पाय खाली घ्या

“यांच्या रक्तातच आहे हो हे,” साहेब म्हणाले. तेव्हा त्यांच्या मुलाचा पाय माझ्या मांडीवर होता.

मी एका गुडघ्यावर बसलेलो. खाली काळं रबर, वितळलेल्या बर्फानं ओलं. त्याच्या बर्फावर घसरायच्या बुटाचं पातं माझ्या पँटवर टेकलेलं. मी लेस ओढत होतो, तो फोन बघत होता. “टाइटर,” एवढंच म्हणाला. मी आणखी ओढली. पातं मांडीत रुतलं. पँट फाटली, कातडी चिरली. फार नाही. रेघ उमटावी तेवढी.

मागे बाकांवर खेळाडूंचे आईबाप बसलेले. त्यांत काही घरं मराठी. साहेब त्यांच्याकडे वळले आणि म्हणाले, “पिढीजात काम. आपल्याला नाही जमायचं असं.”

लोक हसले. मोठ्यानं नाही. चांगल्या घरातली माणसं हसतात तसं. एका बाईंनी फोन काढून फोटो घेतला.

मी गाठ मारली. उठलो. “थँक्यू बॉस,” मुलगा म्हणाला आणि बर्फावर गेला.

मी बहरीनमध्ये एका आइस रिंकवर कामाला आहे. सनाबिसच्या बाजूला. बाहेर ऊन डोळे उघडू देत नाही आणि आत आम्ही स्वेटर घालून उभे. बर्फावर घसरायचे बूट भाड्यानं द्यायचे, परत घ्यायचे, पुसायचे, पात्यांना धार लावायची. लहान मुलांच्या लेसही बांधतो. त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. लहान मूल पडायला घाबरतं, माझा खांदा धरतं. ते काम आहे. मी काम करायला आलोय.

त्या आठवड्यात आमच्या रिंकवर इथल्या विद्यापीठांच्या मुलांची राष्ट्रीय आइस हॉकी स्पर्धा होती. वाळवंटात बर्फावरची हॉकी. गावाकडं सांगितलं तर लोकांना थाप वाटते. साहेब त्यातल्या एका संघाचे मॅनेजर. मूळचे पुण्याचे. बँकेत मोठ्या हुद्द्यावर. आधी कॅनडात होते, मुलगा तिथेच खेळायला शिकला. आता संघाचा कॅप्टन. मराठी कळतं त्याला, बोलतो इंग्रजीत.

पहिल्या दिवशी साहेबांनी मला बायकोशी फोनवर बोलताना ऐकलं. खूश झाले.

“अरे, तू तर आपला माणूस. गाव कुठलं?”

सातारा जिल्हा, मी म्हणालो. त्यांनी हातातला डबा पुढे केला. “घे, घरचा चिवडा आहे. घाल हात. आडनाव काय तुझं?”

आडनाव सांगितलं.

“अच्छा,” ते म्हणाले. थोडं थांबले. “म्हणजे तुम्ही...”

“चांभार,” मी म्हणालो. समोरचा असा अडखळला की मी स्वतःच सांगून टाकतो. त्याला शब्द शोधायला लावत नाही.

“हो हो. तसं काही नाही. इथे परदेशात कोण बघतं ते.”

डब्याला झाकण लागलं. माझा हात तिथेच होता. तो मी खिशात घातला.

त्या दिवसापासून साहेब बघायला लागले. दुसऱ्या कुणाला धार लावून हवी असली तर म्हणायचे, “याच्याकडे द्या, याला उपजतच येतं.” मी धार लावायला इथेच शिकलो होतो, काउंटरवरच्या एका फिलिपिनो मुलाकडून. ते सांगावंसं वाटायचं. सांगितलं नाही. साहेब लोकांना सांगायची सवय नव्हती.

सेमीफायनलआधी सरावात मुलाच्या हाताचा अंगठा दुखावला. पट्टी बांधली होती. संघातला एक बहरीनी मुलगा म्हणाला, मी बांधतो लेस. साहेब म्हणाले, “नो, नो, आपला माणूस आहे ना.” आणि मला हाक मारली. मग ते झालं, जे मी सुरुवातीला सांगितलं.

संध्याकाळी हूराला खोलीवर गेलो. माझ्यासोबत युसुफभाई राहतात. रत्नागिरीचे. मीना सलमान बंदरावर एका गोदामात क्लार्क आहेत. माझ्यापेक्षा वयानं बरेच मोठे. त्यांनी फोन माझ्याकडे केला. फोटो त्यांच्यापर्यंत पोचला होता. मराठी लोकांच्या कुठल्यातरी ग्रुपमधून फिरत फिरत. वर लिहिलं होतं, ‘बहरीनमध्येही परंपरा जपली’. पुढे हसणारे चेहरे.

फोटोत माझं तोंड दिसत नव्हतं. डोकं, मान, वाकलेली पाठ. आणि त्याचा पाय.

मी तो फोटो कितीतरी वेळ बघत राहिलो. कारण ती पाठ मी ओळखत होतो. ती माझी नव्हती. माझ्या बापाची होती.

बा तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर बसायचा. चपला शिवायचा. मी शाळेतून भाकरी घेऊन जायचो. एकदा एक जण आला, पांढरे कपडे, चपलेचा अंगठा तुटलेला. त्यानं चप्पल काढलीच नाही. पाय तसाच बाच्या पेटीवर ठेवला. “असाच मार टाका.” बानं तोंड पायाजवळ नेलं आणि पायातल्या चपलेला टाका मारला. आरी पायाला लागू नये म्हणून स्वतःचं बोट आड धरलं. बोटातून रक्त आलं. माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, “याला शाळेत घातलाय? कशाला?” तो माणूस गेल्यावर बा बोट चोखत मला म्हणाला, “तू ह्या पायांपास्नं लांब जा.”

मी गेलो. आयटीआय केलं, मुंबईत राबलो, एजंट गाठला, समुद्र ओलांडला. आणि त्या पायाखालीच येऊन बसलो.

“साहेबांना विचारणार आहे मी,” युसुफभाईंना म्हणालो.

“काय विचारणार? तुला वेड लागला काय? गप ऱ्हा. व्हिसा रिन्यू होऊ दे, मग काय ता बोल.”

“तेव्हा पुढचा व्हिसा असेल.”

त्यांनी ताट पुढे केलं. मग म्हणाले, “जेवून घे.”

फायनलला बाकं भरलेली. विद्यापीठांची माणसं, आईबाप, ढोल घेऊन आलेली पोरं. मी काउंटरवर होतो. साहेबांनी कठड्यावरून हात केला.

“ए, ये इकडे. लेस.”

मी गेलो. मुलानं फोनवरून नजर न काढता पाय उचलला आणि हवेत धरला. खाली मांडी येणारच, असा.

मी उभाच राहिलो.

“पाय खाली घ्या,” मी म्हणालो.

“काय?” साहेबांना खरंच कळलं नाही.

“त्याला पाय खाली घ्यायला सांगा. मी बांधणार नाही.”

“अरे, मॅच सुरू होतेय.”

“होऊ द्या.”

धाडस वगैरे काही नव्हतं. वाटलं, अजून बसावं खाली. बसलो असतो तर सगळं मिटलं असतं. शरीराला सवय असते. गुडघा आपोआप वाकायला बघत होता.

सुपरवायझर धावत आला. केरळचा आहे. वाईट माणूस नाही, घाबरट आहे. “भाई, छोटा काम है. साब बोल रहा है तो कर दो ना.”

मी हिंदीतच बोललो, सगळ्यांना कळावं म्हणून. “काम छोटा नहीं है. काम मैं रोज करता हूँ. इन्होंने मुझे बिठाके सबके सामने मेरी जात बताई. इनके लोगों ने फोटो घुमाया. आज नहीं बैठूँगा.”

बाकांवरची मराठी माणसं इकडेतिकडे बघायला लागली. फोटो काढणाऱ्या बाई बर्फाकडे बघत होत्या. बर्फावर कुणी नव्हतं.

“ही इज बीइंग इमोशनल,” साहेब सुपरवायझरला म्हणाले.

मुलाचा पाय अजून हवेतच. मग त्यानं तो खाली घेतला. पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं. कान लाल झाले होते त्याचे. स्वतः वाकला, पण अंगठ्याच्या पट्टीमुळे लेस ओढता येईना. तेव्हा तो बहरीनी मुलगा आला. “यल्ला,” म्हणाला, म्हणजे ‘चल’, गुडघ्यावर बसला आणि त्यानं लेस बांधली. तेच काम. तसाच वाकून. त्याच्या रक्ताबद्दल कुणी काही बोललं नाही.

त्यांचा संघ जिंकला. हेही सांगायला हवं. साहेबांनी कप हातात घेऊन फोटो काढले. मी काउंटरवर बूट पुसत होतो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावलं. रिंकचा मॅनेजर, सुपरवायझर आणि खुर्चीत साहेब. सुपरवायझर म्हणाला, “सॉरी बोल दे, खलास.”

साहेब मराठीत बोलले. आवाज मऊ केला होता. “हे बघ, मी तुझं कौतुकच केलं होतं. तू मनाला लावून घेतलंस. आपण एका मातीतले. एक सॉरी म्हण, मी तक्रार मागे घेतो. तुझ्या पोटावर पाय द्यायची इच्छा नाही माझी.”

“माफी तुम्ही मागायची आहे, साहेब. चारचौघांत बोललात, चारचौघांतच मागा.”

“मी?” ते म्हणाले. एवढाच शब्द. त्या एका शब्दात त्यांनी मला आणि स्वतःला कुठे कुठे ठेवलंय ते सगळं होतं.

मी दार उघडून बाहेर आलो.

काउंटर काढून घेतलं माझ्याकडून. आता मागच्या बाजूला बर्फाचा चुरा फावड्यानं ओढतो. लोकांसमोर यायचं नाही, असं सांगितलंय. व्हिसा रिन्यू होणार नाही, हेही सांगितलंय. युसुफभाई दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग म्हणाले, “आमच्या कंपनीत जागा हाय काय बघतो. इंशाल्ला.” अजून काही कळलेलं नाही. बहुतेक होणार नाही. मनातून मला ते माहीत आहे.

बायकोला फोनवर सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “एक सॉरी म्हणायचं हुतं.”

“नाही.”

“पोरीची फी, घर, समदं हाय की हो.”

“माहीत आहे.”

“मग तिला काय सांगू? बाचं काम का गेलं म्हणून विचारंल.”

“खरं सांग,” मी म्हणालो. “काय झालं, कोण काय बोललं, मी काय बोललो. काही गाळू नको.”

ती रडत होती. मी तिला गप्प केलं नाही.

परत आलो तर गावी मिळेल ते काम करीन. इथे राहिलो तर इथे करीन. बूट पुसीन, बर्फ ओढीन, चपला शिवीन. कामाला मी घाबरत नाही. पण माझी जात सांगून जो मला काम सांगेल, त्याचं काम मी करणार नाही. मग तो पुण्याचा असो, गावचा असो, कुठल्याही देशात भेटो. मला उपाशी ठेवा. मी बसणार नाही.