नैरोबी ते मिरजगाव

एकाहत्तरचा उन्हाळा नुकताच लागला होता. सकाळी नैरोबीच्या विमानतळावर माझ्या यजमानांनी मला निरोप दिला. विमान वर गेल्यावर हवाईसुंदरीने सांगितलं, मुंबई पावणेतीन हजार मैल, सहा तास लागतील. माझं त्यात लक्ष नव्हतं. राजूला मिरजगावला आईजवळ ठेवून मी नैरोबीला गेले, तेव्हा तो अंगावर पीत होता, सारखा आजारी असायचा. बिऱ्हाड लागलं की त्याला न्यायचं ठरलं होतं. या गोष्टीला दोन वर्षं उलटून गेली होती.

खाली नुसता समुद्र. ताटलीतल्या बटाट्याला ना मीठ ना तिखट. दिवेलागणीला मुंबईत उतरले, रात्रीच्या गाडीने दौंड गाठलं आणि सकाळी एस.टी.त बसले.

श्रीगोंद्याच्या अलीकडे उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली आणि आमची गाडी रांगू लागली. मळीचा (साखर करताना उरणाऱ्या काळ्या पाकाचा) आंबूस वास आत आला. लहानपणी त्या वासाला मी नाक दाबायची. आता मात्र खिडकी पुरती उघडली.

श्रीगोंद्याला सोनाबाई नावाची ऊसतोडीवरची बाई शेजारी येऊन बसली. नवरा बैलं घेऊन मागून येणार होता. लेकीला सासूजवळ ठेवलेलं, दिवाळीपासून पाहिलं नव्हतं. मी विमानाचं सांगितलं, तर वाटेत ते कुठे थांबतं का, एवढंच तिने विचारलं. मग मी जे कुणालाच विचारलं नव्हतं ते तिला विचारलं. लेकरू ओळखेल का?

“पयल्या दिशी न्हाई वळखत,” ती म्हणाली. “आपून हाका मारू नये. काम करीत ऱ्हायचं. आपसूक येतंय.”

मिरजगावला आम्ही दोघी उतरलो. ती शेताच्या वाटेने भरभर निघून गेली.

आई अंगणात ज्वारी पाखडत होती. मला पाहून राजू तिच्या पाठीमागे लपला आणि तिलाच “आई” म्हणून बिलगला. आई ओशाळली. पुढे झालेले हात मी मागे घेतले आणि चुलीपुढे जाऊन बसले.

कितीतरी दिवस तो दारातूनच बघायचा. एका सकाळी भाकरी थापत होते, तर शेजारी येऊन त्याने पिठात बोट बुडवलं.

“मला ल्हान कर,” म्हणाला.

मी तळहाताएवढी भाकरी केली. धुराचं निमित्त करून डोळे पुसले.

वैशाखात आम्ही दोघं निघालो. आई एस.टी.च्या खिडकीशी उभी होती. लई लांब हाय का, तिने विचारलं. सहा तास, मी म्हटलं. तिने खिडकीतून बाहेर आलेला राजूचा पाय हातात धरला, तो गाडी हलेपर्यंत सोडला नाही.

विमानात तेच मैल, तेच तास पुन्हा सांगितले गेले. पुढे या वाटेने मी कितीदा तरी आले-गेले, पण तेवढा लांब प्रवास पुन्हा झाला नाही. राजू काचेला नाक लावून खाली बघत होता. ढगांखाली सारं झाकलं गेलं, तसा तो माझ्याकडे वळला.

“आई कुठंय?”

“मिरजगावला हाय,” मी म्हटलं, आणि त्याला मांडीवर घेतलं.