लेकीचे सारखे दिसणारे व्हिडिओ

माझ्या लेकीचे सगळे व्हिडिओ एकच आहेत, असं माझा मुलगा म्हणाला. त्याला बरेच दिवस झाले, पण माझा राग अजून उतरलेला नाही. मला घरातही भडाभडा बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

लेकीला जन्मापासून ऐकू येत नाही. तिला कासुर्डीला दिली. जावयालाही ऐकू येत नाही. तो दौंडला वेल्डिंगच्या दुकानात कामाला जातो. आमच्या कवठ्याहून तिच्याकडे जायचं तर एसटी बदलावी लागते, आणि गोठ्यातली जनावरं टाकून मला निघता येत नाही. बाकीच्या आया फोनवर लेकींशी बोलतात. माझी लेक व्हिडिओ पाठवते.

ती फोन पिठाच्या डब्याला टेकवते आणि निळ्या भिंतीपुढे बसते. आधी नाकाच्या बाजूला बोट लावते. ते माझं नाव, माझ्या चमकीवरून पडलेलं. मग हात तोंडाशी नेऊन विचारते, जेवलीस का? दर वेळी सुरुवात हीच. पुढं मात्र रोजचं वेगळं असतं. या खुणा कुठल्या शाळेतल्या नाहीत. चुलीपुढं नि गोठ्यात आम्ही दोघींनी मिळून केल्या.

मुलगा रांजणगावला कंपनीच्या ऑफिसात आहे, राहतो शिरूरला. सुट्टीला आला तेव्हा माझा फोन भरून गेला होता, फोटोसुद्धा निघत नव्हता. त्यानं माझा, ह्यांचा आणि स्वतःचा, असे तिन्ही फोन लॅपटॉपवर रिकामे केले. म्हणाला, एक सॉफ्टवेअर आहे, ते दोनदा आलेले व्हिडिओ शोधून देतं. मला बरंच वाटलं. सकाळच्या नमस्काराचे फुलांचे व्हिडिओ, एकाच वरातीचा पाच जणांनी पाठवलेला नाच, ते गेले तर जाऊ देत की.

मी चहा घेऊन आले तर तो हसत होता.

"आई, काय साठा केलाय गं! एकच व्हिडिओ किती येळा ठेवलायस?"

पडद्यावर लहान लहान चौकोन होते आणि प्रत्येकात माझी लेक. सगळीकडे नाकाला बोट. एक सोडून सगळ्यांवर पुसायची खूण केलेली.

"ते एक न्हाईत," मी म्हणाले.

"आगं, मशीन सांगतंय. त्याला म्हणलं, आवाज बघू नको, थोडाफार फरक असला तरी एकच धर. तवा कुठं जागा निघाली."

हे बाजेवरून म्हणाले, "त्यानं कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलंय. तू काय त्याला शिकवतीस? करू दे त्याला."

मी गप्प परत फिरले असते. आजवर तेच केलंय. पण तेवढ्यात वरची रांग दिसली. मुलाला बैलगाड्यांच्या शर्यतीचं वेड आहे, यात्रांमधून तो शूटिंग करत हिंडतो. मशीननं त्याच्याही व्हिडिओंचा एकच ढीग लावला होता. मशीनला तिथंही धूळ, बैल आणि पळणारी माणसं, एवढंच दिसलं असणार. पण तिथल्या पुसायच्या खुणा मुलगा एकेक करून हातानं काढून टाकत होता. "हा आपल्या यात्रेतला... हा पाबळकडचा... ह्यात डावा बैल जरा मागं पडतोय..." असं स्वतःशीच बोलत.

एकेक बैल बघून त्यानं वाचवला होता. आणि बहीण एका फटक्यात सगळी.

"बैलं वळखता येतात तुला," मी म्हणाले.

"म्हंजी?"

"बैलं वळखता येतात. बहीण न्हाई."

"तसं न्हाई गं आई..."

"मग कसं हाय? एकेक लाव. ती काय म्हणती ते मला सांग. सांगता आलं तर पूस."

माझा आवाज एवढा चढला की हे बाजेवर उठून बसले.

मुलानं एक लावला. "आई, जेवलीस का," तो म्हणाला. तेवढं त्याला येत होतं.

"त्याच्याफुडं?"

लेकीनं कपाळावर पदर ओढल्यासारखं केलं, मग ओंजळ पुढं केली. तो बघत राहिला. "सासूचं कायतरी."

"सासूनं तिच्या हातची भाकरी मागून घेतली. लग्नानंतर पयल्यांदा."

दुसरा लावला. त्यात तिनं भुवईवरून बोट फिरवलं.

"हे काय?" त्यानं विचारलं.

मला आधी वाटलं, थट्टा करतोय. लहानपणी तो ट्रॉलीतून पडला आणि भुवईला टाके पडले, तेव्हापासून त्याची ती खूण. एका ताटात जेवलेली ही दोघं.

"तू. तुझं नाव हाय ते. भाऊबीजेला येतोस का, इचारतीया."

भाऊबीजेला त्याला ड्युटी होती.

"आता हा लाव," मी बोट ठेवलं. "आन् आवाज मोठा कर."

निळी भिंत, नाकाला बोट, जेवलीस का. मांडीवर तान्हा नातू. लेकीनं स्टीलची थाळी त्याच्या पाठीमागं धरली आणि उलथन्यानं वाजवली. घरभर आवाज घुमला. बाळ दचकलं, मान वळवून शोधायला लागलं. लेकीला थाळी ऐकू येत नव्हती, ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. पुन्हा वाजवली. पुन्हा त्यानं मान वळवली. मग ती माझ्याकडे बघून हसली.

नातू झाला तेव्हा लोक आमच्या तोंडावर म्हणत होते, "हेबी तसलंच निघायचं." आमच्यात पहिल्यांदा तिला कळलं, आणि तिनं मला कळवलं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं. आणि याच व्हिडिओवर माझ्या मुलानं पुसायची खूण केली होती, आवाज बघू नको असं सांगून.

"मला कुणी दावलाच न्हाई हा," तो म्हणाला.

मग पडद्याकडे बघून थांबला. त्या चौकोनाशेजारी तसाच दुसरा चौकोन होता, काडीचाही फरक नाही. खाली लिहिलेलं होतं कुठला कुठून आला ते. एक माझ्या फोनमधला. दुसरा त्याच्या.

लेकीनं भावालाही त्याच दिवशी पाठवला होता. फोननं तो आपोआप उतरवून घेतला आणि ठेवून दिला. त्यानं उघडलाच नव्हता.

एवढं एक त्या मशीननं खरं सांगितलं.

त्यानं लेकीच्या सगळ्या व्हिडिओंवरच्या खुणा काढून टाकल्या. शेवटी हे दोन राहिले. हळू आवाजात म्हणाला, "हे खरंच एक हायेत. दोन्ही ठिवू?"

"न्हाई. माझा पूस. तुझा ठेव."

"आगं पण आई..."

"पूस म्हणते ना."

त्यानं पुसला. मी तिथून हलले नाही.

आता तो व्हिडिओ माझ्याकडे नाही. बघावासा वाटला की मुलाला फोन लावते, आणि त्याला तो शोधून, उघडून मला पाठवावा लागतो. मी तो बघते आणि लगेच पुसून टाकते. चार दिवसांनी परत मागते.

"आई, परवा तर पाठवला की," तो म्हणतो.

"परत पाठव," मी म्हणते.