बासी ईदची तपासणी

रमजानमध्ये आमच्या घरात काही लपत नाही. बाईनं मधेच रोजा धरला नाही की तिला पाळी आली, हे दिरापासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना कळतं. त्यात मला दिवस राहावेत म्हणून गोळ्या चालू होत्या, त्यामुळे माझ्याकडे अख्ख्या आळीचे डोळे लागलेले.

यंदा शेवटच्या आठवड्यात मला पुन्हा पाळी आली. मी ओट्यापाशी पाठमोरी बसून चहात खारी बुडवत होते आणि अम्मी, म्हणजे माझी सासू, आत आली. आता बोलणी खायची, असं मी धरूनच चालले होते. तिनं दार लोटलं आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला.

"डागदरीण काय म्हंती?"

"गोळ्यांनी बीज तयार हुतंय, पन दिवस राहत न्हाईत. आता सांगलीला जाऊन माझ्या नळ्या मोकळ्या हायेत का बघायचं. आन् ह्यांची बी तपासणी."

"मग त्यो का जात न्हाई?"

माझा नवरा आष्ट्यात गाद्यांचं दुकान चालवतो. डॉक्टरीणबाईंनी त्याला पहिल्याच भेटीत तपासणी सांगितली होती. आधी लग्नसराई आडवी आली, मग दुकानाचं छप्पर, आता रोजे. बहाण्यांच्या बाबतीत माणूस फार हुशार. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

इफ्तारनंतर अम्मीनं त्याला ऐकवलं, "रोज्यात नगं, बराबर हाय. बासी ईदला जा. हिनं एकटीनं गोळ्या गिळायच्या आन् तू नुसता खजूर खातोस व्हय?"

ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सांगली गाठली. माझ्या तपासणीत लय दुखलं, पण नळ्या मोकळ्या निघाल्या. मग त्याचा रिपोर्ट आला. तिथले डॉक्टर म्हणाले, शुक्राणू कमी आहेत, संथही आहेत. तंबाखू बंद, काही महिने औषध, मग शुक्राणू धुऊन थेट माझ्या गर्भाशयात सोडायचे. त्यानंही जमलं नाही तर पुढंही उपाय आहेत. खात्री त्यांनी दिली नाही. तरी मला इतकं हलकं वाटलं की माझीच मला लाज वाटली. नवऱ्यात कमी निघाली म्हणून कुणी खूश होतं का? मी झाले.

येताना गाडीवर मी त्याच्या पाठीकडे बघत बसले. आता हे दाबून ठेव म्हणेल आणि लोक पुन्हा मलाच विचारत राहतील, एवढीच मला धास्ती.

घरी ईदला आलेल्या बायका अजून बसल्याच होत्या. शीरखुर्मा खाता खाता चुलतसासूनं मला सगळ्यांदेखत विचारलं, "काय गं, औषध चालू हाय का सोडलंस?"

मी वाट्या गोळा करायला लागले. नवरा दारात चप्पल काढत होता.

"चालू हाय, चाची," तो म्हणाला. "पन आता मला."

मी वाट्या घेऊन आत गेले, नळ सोडला आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सुखानं रडले.