अमावस्येची स्वस्त बॅच

कच्छहून येऊन दोन महिने झाले, पण माझी सॅक झटकली की अजून वाळू पडते. किश्श्यांचंही तसंच आहे बघा. संपले म्हणावं, तर स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारतंच, "बाई, त्या उंटाचं काय झालं होतं?" झालं, चहा गार! म्हणून म्हटलं, एकदा बसून सांगूनच टाकते.

चौघं होतो आम्ही. मी, म्हणजे आळंदच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवणारी, तोंडाने फटकळ. आमचे रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर. आणि माझ्या माहेरचे शेजारी, खजुरी गावचे मन्मथ अण्णा नि त्यांच्या शांताक्का. शांताक्कांना समुद्र बघायचा होता. बासष्टीला आल्या, अजून बघितला नव्हता.

*

बुकिंग मी केलं. बजेट ग्रुप टूर! पाठीवर सॅक, रणातून आणि मिठागरांतून चालत चालत शेवटी समुद्र. सगळ्यात स्वस्त बॅच शोधून काढली आणि गावभर मिरवलं.

मास्तरांनी कॅलेंडर बघितलं आणि चष्मा काढला.

"बाई, ही बॅच स्वस्त कामून हाय ठाव हाय का? लोक पांढऱ्या रणात चांदणं बघायला जातेत. पौर्णिमेची महाग. ही अमावस्येची हाय."

"मग काय झालं? झोपायचं लवकर!"

"बाई, मार्गशीर्षातली अमावस्या. येळवस!"

येळवस म्हणजे आमच्या सीमाभागाचा सण. त्या दिवशी गावात कुत्रं सापडायचं नाही, सगळे शेतात. शेतातलेच पाच दगड चुना लावून मांडायचे, पूजा करायची, भज्जी-भाकरी खायची. आणि घरच्या कर्त्याने अंबिलीचा तांब्या घेऊन बांधाबांधाने आपल्या शेताला फेरी घालायची. "ओलगे ओलगे सालम पोलगे" ओरडत अंबिल शिंपडत जायचं. आमच्याकडे शेत आपलं असतं ते या फेरीने. गणिताची बाई, आणि तिथीच चुकली!

मन्मथ अण्णांनी चाळीस वर्षांत एक येळवस चुकवली नव्हती. एकदा तापाने फणफणलेले असताना बैलगाडीत निजून गेले होते. आता चांगल्या चार शिव्या खायच्या तयारीने मी त्यांच्या ओसरीवर गेले. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं झालं. जाऊ."

एवढंच! शिव्या परवडल्या असत्या. उन्हाळ्यात त्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं होतं, डॉक्टरांनी शेतीकाम बंद केलं होतं, आणि शेत शेजारच्या मल्लूला बटईने, निम्म्या वाट्यावर, दिलं होतं. तेव्हापासून अण्णांनी शेतात पाऊल ठेवलं नव्हतं. "पाव्हणा म्हणून जाऊन बसू का तिथं?" असं ते मास्तरांना म्हणाले होते. आम्हाला मात्र म्हणायचे, "सुटलो बघा!"

शांताक्का सुपात तूर निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

*

टूरचा नियम एकच: आपली सॅक आपण उचलायची. अण्णांना वजन उचलायला बंदी, म्हणून त्यांच्याकडे नुसती शबनम पिशवी. शांताक्कांनी मुलाची कॉलेजातली सॅक आणली आणि ती पुढून अडकवली, पोटावर.

"अक्का, पाठीवर घेतेत ती!"

"पाठीवर घेतली तर कोण काय काढायलाय ते दिसतंय व्हय?"

कलबुर्गी स्टेशनवर मास्तर मदतीला गेले, सॅक उचलली आणि तशीच खाली ठेवली. "अक्का, ह्यात जातं घातलाव का काय?"

"कडक भाकऱ्या हायत."

"भाकऱ्या? का त्येंचा तवाच?"

अक्का हसल्या आणि सॅकवर हात ठेवून बसल्या. गाडीत झोपतानाही ती उशाला होती.

*

गाडीत समोर कच्छकडचे एक काका होते. अण्णांची नि त्यांची गट्टी जमली. अण्णांचं हिंदी दखनी वळणाचं आणि काकांचं गुजराती, दोघांनाही सगळं कळत होतं म्हणे!

काकांनी विचारलं, "खेती है?"

अण्णा म्हणाले, "थी."

वरच्या बर्थवरून शांताक्कांचा आवाज आला, "थी न्हवं! हाय! सांगा त्येस्नी, हाय म्हणून!"

मग अण्णा बोटाने सीटवर शेत काढून दाखवायला लागले. हा पूर्वेचा बांध. सरळ गेला की चिंच लागते, तिथं आत वळायचं. मग ओढ्याच्या कडेने तिरकं खाली. मध्ये विहीर, आमच्या बोलीत हीर, तिला गोल वळसा घालायचा, नि परत बांधाला लागायचं. काकांनी तीनदा चहा पाजला, पण अण्णांचं बोट काही थांबेना. शेवटी एकदम हात मांडीवर ठेवून म्हणाले, "मल्लू करायलाय आता. चांगला हाय पोरगा."

*

कच्छमध्ये आमच्या गाईड होत्या हंसाबेन. पन्नाशीच्या, गळ्यात शिट्टी, पायांत बूट, आणि चाल अशी की मास्तरांना पळावं लागायचं. पांढऱ्या रणात सगळे फोटो काढत होते. अण्णा खाली बसले, मूठभर पांढरी माती घेतली, चोळली, वास घेतला, जिभेला लावली.

"हंसाबेन, इसमें तूर नहीं आती."

हंसाबेन म्हणाल्या, "काका, वीस साल से टूर कराती हूँ. तुम पहले हो जिसने बोने का सोचा!"

*

उंटाचा किस्सा हाच. तिथले काही उंट खाडीत पोहतात. हंसाबेननी शिट्टी मारून सगळ्यांना गोळा केलं. उंट पाण्यात उतरले, लोक टाळ्या पिटायला लागले. शांताक्का हाताची घडी घालून उभ्या.

"आमची म्हस पोहती की! तिला तिकीट लावलंय का आम्ही?"

पण त्यातला एक उंट बाहेर आल्यावर त्यांनी पदराने त्याचं तोंड पुसलं आणि एक कडक भाकरी दिली. त्याने ती कडाकडा खाल्ली आणि मग दोन किलोमीटर आमच्या मागे आला. मास्तर म्हणाले, "अक्का, सॅक त्येच्या पाठीवर टाका, सुटताव." अक्कांनी ऐकलं नाही.

*

मिठागरांत मात्र अण्णा हरवले. हंसाबेन शिट्ट्या मारून थकल्या. मागे जाऊन बघतो तर काय, हे एका वाफ्याचा फुटलेला बांध पायाने दाबत उभे! धोतर गुडघ्यापर्यंत, चपला बाजूला. मिठागरवाली बाई माती आणून टाकत होती आणि हे तिला चक्क मराठीत सांगत होते, "खालनं दाबा, वरनं न्हवं! पाणी खालनं फोडतंय!" आणि ती खालून दाबत होती.

मी ओरडायला तोंड उघडलं. डॉक्टरांनी काय सांगितलंय, वगैरे. शांताक्कांनी माझा हात धरला.

"बोलू नका, बाई. करू द्या. सात महिन्यांनी मातीत पाय घातलाय त्येनी."

त्यांचे डोळे भरले होते. मी गप्प बसले. माझ्या ओळखीचे लोक सांगतील, हे फार क्वचित होतं.

*

गप्प बसण्याची कसर दुसऱ्या दिवशी भरून काढली. समुद्राच्या आदल्या मुक्कामाला आठ किलोमीटर चालायचं होतं. शांताक्का चार पावलं टाकायच्या नि थांबायच्या. मी सॅक मागितली, दिली नाही. हंसाबेननी मागितली, दिली नाही. माझं टाळकं सरकलं.

"अक्का, निम्म्या भाकऱ्या फेकून द्या! समुद्र बघायला आलाव का हमाली करायला?"

त्या रागावल्या नाहीत. घाम पुसून म्हणाल्या, "एवढं एक राहू द्या, बाई. उद्यापर्यंतच हाय."

आजही ते माझं वाक्य आठवलं की मला माझी लाज वाटते.

*

त्या संध्याकाळी मास्तरांची चुन्याची डबी गेली. तंबाखू आहे, चुना नाही! मास्तरांनी सगळ्यांच्या अंथरुणांची झडती घेतली. माझ्यावरही संशय घेतला, कारण मी त्यांना तंबाखू सोडा म्हणून रोज सांगते. हंसाबेनच्या घरीच मुक्काम होता. त्यांनासुद्धा विचारून आले. फक्त शांताक्कांना विचारायचं राहिलं. त्या चुलीपुढे हंसाबेनच्या सुनेजवळ बसून पातेल्यात ताक ढवळत होत्या, आणि पातेल्यात काय शिजतंय विचारलं तर म्हणाल्या, "कढी."

*

अमावस्येच्या सकाळी समुद्रावर पोहोचलो. शांताक्कांनी समुद्र बघितला. हात जोडले. मी कॅमेरा घेऊन तयार, आता काय म्हणतील! म्हणाल्या, "मोठा हाय." आणि वाळूत बसून सॅक उघडली.

भाकऱ्या वरच्या वर होत्या. खाली फडक्यात गुंडाळलेले पाच दगड निघाले. काळे, आमच्याकडचे, भेगांत अजून खजुरीची माती. मग मास्तरांची डबी निघाली. मास्तर "अर्रर्र!" म्हणाले. अक्कांनी दगडांना बोटाने चुना लावला, ओळीने मांडले, हळदीकुंकू वाहिलं. आणि झाकणाच्या तांब्यातली कालची 'कढी', म्हणजे ज्वारीच्या पिठाची आंबट अंबिल, अण्णांपुढे धरली.

अण्णा दगडांकडे बघत राहिले. "आपल्या शेतातले?"

"मग काय मल्लूच्या? मीच येचून आणलेत."

"शांते, इथं कुठला बांध? कशाला फेरी घालू?"

"तुमाला ठाव न्हाई व्हय बांध कुठं हाय ते?"

अण्णांनी डोळे पुसले, तांब्या घेतला आणि चपला काढल्या. "ओलगे ओलगे सालम पोलगे!" आवाज पहिल्यांदा फुटेचना. मग असा फुटला की बगळे उडाले. हंसाबेनची शिट्टी तोंडातच राहिली.

एवढा सपाट, मोकळा किनारा. पण अण्णा सरळ चालेनात. थोडं सरळ गेले, मग एकदम आत वळले. मग तिरके खाली. शिंपडत होते, ओरडत होते, ओल्या वाळूत पाय उमटत होते. मास्तर माझ्या कानात म्हणाले, "असं वाकडं कामून चालायलेत?"

अण्णा फेरी पुरी करून दगडांपाशी यायला लागले. तांब्यात थोडीच अंबिल उरली होती. शांताक्का डोळ्यांवर हाताची सावली धरून सगळं बघत होत्या. एकदम ओरडल्या,

"अवो, हीर राहिली की!"

अण्णा थांबले. मागे वळून बघितलं. "व्हय की!" म्हणाले, आणि परत जाऊन मोकळ्या वाळूत गोल वळसा घालून आले.