न बघता दिलेला ‘ओके’

बालाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी चाकणच्या कंपनीत तपासणीच्या टेबलावर होतो. फोन ठेवला आणि हातातला पार्ट तपासून पूर्ण केला. रडू आलं नाही... अजूनही आलेलं नाही.

एकवीस वर्षं आम्ही एकाच टेबलावर माल तपासला. “न बघता ओके मारायचा नाही, राव,” हे त्यानंच मला पहिल्या आठवड्यात शिकवलं. कंपनीनं जपानी भाषेचा वर्ग काढला, त्यात आम्ही दोघंही बसलो. मी नमस्कारापुढे सरकलो नाही. तो मात्र मांगा, म्हणजे तिकडच्या चित्रकथा, वाचायला लागला. त्यातही भुताखेतांच्या. अशा एखाद्या मांगावर खरी माणसं घेऊन केलेला सिनेमा आला की आम्ही जायचो आणि दर वेळी तोंड पाडून परतायचो. “कागदावरचं भूत आपण पान उलटायची वाट बघत बसतं, भावा. इथं आल्या आल्या धावतंय, तेही विग घालून!” मला त्यातलं फारसं कळत नसे. त्याची चिडचिड ऐकायला मी जायचो.

यंदा त्याच्या सगळ्यात लाडक्या मांगावरचा सिनेमा लागला, तेव्हा तो रहाटणीच्या घरी अंथरुणाला खिळलेला. फुप्फुसं थकली होती. डॉक्टरांनी एकदाच, दोन-तीन तास चाकाच्या खुर्चीवरून बाहेर न्यायची परवानगी दिली. त्याच्या धाकट्या बहिणीनं, सवितानं, आकुर्डीत नवं घर घेतलं होतं. ती वाट बघत होती. बालाजी मला म्हणाला, “तू आधी सिनेमा बघून ये. बरा असला तरच जातो, नाहीतर सविताकडं.”

मी गेलो नाही. कामाचं कारण सांगता येईल, पण खरं ते नाही. त्याच्या आजारपणाचा मला कंटाळा आला होता. त्यानं फोनवर विचारलं, “भूत थांबतं का रे?” मी म्हणालो, “थांबतं की! एक नंबर झालाय.”

तो सिनेमालाच गेला. तिसऱ्या दिवशी वारला. सविता अंत्ययात्रेत एवढंच म्हणाली, “दादानं माझं घर बघितलंच नाही...”

पुढं भेटायला गेलो तेव्हा त्याची बायको, सुनीतावहिनी, म्हणाल्या, “भावजी, मध्यंतराआधीच ‘घरी चल’ म्हणाले. मी म्हटलं, भावजींना विचारते, हा चांगला कसा म्हणाले. तर हे म्हणाले, विचारू नको. तो गेलाच नसणार.”

सिनेमा उतरायच्या आदल्या दिवशी मी एकटा जाऊन बघितला, शेवटचं नाव सरेपर्यंत. वाईट होता. दाराजवळ चाकाच्या खुर्चीसाठी थोडी जागा मोकळी सोडलेली असते... इतक्या वर्षांत ती माझ्या लक्षात आली नव्हती. पडद्यापेक्षा मी तिकडंच जास्त बघत होतो.